टाळीची जागा

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको. दुसऱ्याच्या हाताला माझ्यापेक्षा गोड आवाज असला की माझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून दुखतं. आता गुडघे गेले, दाढा गेल्या, पण ते दुखणं शाबूत आहे.

शाळा चौथीपर्यंत. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. मी पखवाज शिकलो तो मंडळाच्या भजनात, डबलबारीत. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा आपापली माणसं घेऊन समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांची घमेंड उतरवतात. नाव देवाचं घ्यायचं आणि समोरच्याचा पखवाज झोपवायचा. तिथं मला दोन गोष्टी शिकवल्या. समोरच्याचं चांगलं असेल ते उचल. आणि कुठनं उचललंस ते मरेपर्यंत सांगू नको. दोन्ही मी इमानानं पाळल्या. त्यातली दुसरी आज मोडतोय.

पुढं ऑर्केस्ट्रा, कॅसेटी, मग गोरेगावचे स्टुडिओ. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणं म्हणजे गाणारा. अहो, तुम्ही मान हलवता ती शब्दावर नाही, ठेक्यावर. ढोलकाला दोन तोंडं असतात. डाव्या हाताला मोठं, त्यातून ‘धूम’ निघतो, तो पोटात लागतो. उजव्या हाताला लहान, त्यातून ‘चाट’ निघतो, तो कानात. या दोघांच्या मधे किती थांबायचं, एवढीच आमची अक्कल. त्यावर घर चालतं. स्टुडिओत कानाला हेडफोन लावतात, त्यात घड्याळासारखी टकटक चालू असते. तिला क्लिक म्हणतात. सगळ्यांनी त्या टकटकीला धरून राहायचं. माझं नाव झालं ते एवढ्यासाठी, की क्लिक न सोडताही माझा धूम किंचित मागनं यायचा. पडता पडता सावरल्यासारखा. होडीत उभं राहिलं की अंग जसं जातं आणि परत येतं, तसा. म्युझिक डायरेक्टर त्याला ‘काकांचा हेलकावा’ म्हणत. कोळीगीत असो, हळदीचं गाणं असो, पॉपचा अल्बम असो, निरोप यायचा, परबकाकांना बोलवा, हेलकावा पाहिजे. नंतर कुणीतरी माझ्या हाताचा तुकडा कापून कॉम्प्युटरात घातला. त्याला लूप म्हणतात. आता तो न बोलावता सगळीकडे वाजतो. नाहूरला रिक्षात बसलो तरी माझाच हात मला ऐकू येतो.

ऐकून बरं वाटायचं. आणि लगेच पोटात दुखायचं. का, ते सांगतो.

माझी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो, नाहूर स्टेशनचा तेव्हा पत्ता नव्हता. बाराव्या दिवशी बारसं केलं. पाहुणे जेवून गेले आणि दुपारी दारात चौघीजणी टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. आता त्यांना तृतीयपंथी म्हणतात. तेव्हा आम्ही जे म्हणायचो ते इथं लिहीत नाही. मी दार लावायला गेलो तर बायको पाळण्याकडनं ओरडली, “बाळाक आशीर्वाद देवक इल्यो हत. भायर उभ्यो करतास?”

त्या आत आल्या. मी रागानं स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि दार लोटून घेतलं. बाहेर ढोलक सुरू झाला. वाजवणारीचं नाव जमना, हे बायकोनं नंतर सांगितलं. मला तिचं तोंडही दिसलं नाही. हात ऐकला फक्त. मी तेव्हा सात वर्षं वाजवत होतो, स्वतःला उस्ताद समजत होतो. आणि दारापलीकडनं तो धूम असा मागनं आला, की माझ्या हातातलं पाण्याचं भांडं मी तसंच धरून बसलो. पाणी प्यायचं राहिलं.

त्या गेल्यावर मी ढोलक काढला. चार दिवस घासला. त्यात एक अडचण होती. ती वाजवत होती तो कहरवा, आठ मात्रांचा ताल. जमना पहिल्या मात्रेला ढोलकावर हातच टाकत नव्हती. तिथं खड्डा. मला वाटलं, शिकलेली नाही, सम चुकते बिचारी. ती चूक मी दुरुस्त केली. पहिल्या मात्रेवर हलका धूम भरला आणि पुढचा भारी धूम तिच्यासारखा मागनं आणला. झाला काकांचा हेलकावा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचो, मालवणच्या खाडीत होडी हलते, तिथनं सुचलं. खाडीला कोण विचारायला जातंय!

जळण्याचं म्हणाल तर मी त्या आधीही जळत होतो. आमच्या ऑर्केस्ट्रात रतन म्हणून एक गायक होता, दोन आवाजांचा. अर्ध्या अंगाला कोट, अर्ध्या अंगाला साडी, इकडं वळला की पुरुष, तिकडं वळला की बाई. राहायचाही एका पुरुषाबरोबरच, भांडुपला. आम्ही पाठीमागं हसायचो. पण नव्या मुली गायला आल्या की रतन त्यांना विंगेत घेऊन शिकवायचा. मुखड्याआधी थांब गं. माईक असा धर, जसा कुणाचा हात धरलाय. बघ लोकांकडं, पण शेवटच्या रांगेत बघ. आज टीव्हीवर पॉप गाणाऱ्या पोरी बघा. तोच थांबा, तोच माईक, तीच शेवटची रांग. रतनचं नाव कुठं आहे? माझंही कुठं नव्हतं म्हणा. पण लोक टाळ्या त्याला द्यायचे, आणि ढोलक माझा असायचा. हे मला सोसायचं नाही. एकदा मी मुद्दाम त्याचा ताल ओढला. तो अडखळला नाही, उलट त्या ओढीवर कंबर अशी सोडली की शिट्ट्या दुप्पट झाल्या. खाली उतरताना मला म्हणाला, “परब, थँक्यू हं.” आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आता या निनादचं.

निनाद हा नवा म्युझिक डायरेक्टर. वय तिशीच्या आत. दिंडोशीला आपल्या मित्राबरोबर राहतो, नवरा-बायकोसारखे राहतात, लपवत नाहीत. नखांना रंग, डोळ्यांत काजळ. स्टुडिओत खुर्ची सोडून जमिनीवर बसतो. एकही वाद्य धड वाजवता येत नाही, पण एक शब्द बोलला की चाळीस वर्षं वाजवणारा माणूस आपलं वाजवणं बदलतो. आणि तो बरोबर असतो. त्याचं जास्त लागतं.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. “परबकाका, तुमचा लूप मेलेला वाटतो यार. मला जिवंत हात पाहिजे. येणार ना?”

म्हटलं, येतो. मनात म्हटलं, आलास शेवटी.

गाणं ऐकवलं. दिंडोशीच्या एका बिल्डिंगखाली एक मुलगा दुसऱ्या मुलाची वाट बघत उभा आहे, असं होतं. मी म्हटलं, “दुसऱ्या मुलाची कशाला? मुलगी कर. हळदीत वाजेल.”

निनाद हसला. “काका, आमच्यासारख्यांनी जन्मभर मुलीचं नाव घालून मुलांवरचीच गाणी लिहिली. आता जरा पत्ता बरोबर लिहू द्या ना.”

“आणि ठेका कशाला माझा? तुमचं ते धूम-धूम-धूम घाला, क्लबातलं.”

“तेही आमचंच आहे, काका.” जमिनीवर बसल्या बसल्याच त्यानं सांगायला घेतलं. “जगभर ज्यावर लोक नाचतात ना, ते अमेरिकेत आधी आमच्यासारख्यांच्याच क्लबात वाजलं. बाहेर मार खायचे, आत येऊन नाचायचे. मग सगळ्यांनी ते उचललं आणि कुणाचं होतं ते विसरून गेले.”

मी तंबाखू मळायच्या निमित्तानं बाहेर गेलो. अमेरिकेचं मला काय ठाऊक. मुलुंडचं ठाऊक होतं.

दोन टेक दिले. निनाद खूश. मग म्हणाला, “थांबा काका, यावर खऱ्या टाळ्या घ्यायच्यात. सोनलदी येतेय घाटकोपरवरनं.” मला कल्पना नव्हती. दार उघडलं आणि चाळिशीची, उंच, हिरव्या साडीतली एक तृतीयपंथी बाई आत आली. खांद्याला पट्ट्यानं ढोलक अडकवलेला. बोलावलं होतं टाळ्यांना, पण सवयीनं आणला असणार. काचेच्या अलीकडं, मशीनपाशी उभी राहून ती माझा टेक ऐकू लागली. मी मिशीला ताव देऊन बसलो. हिला कळू दे हात कसा असतो.

संपल्यावर सोनल म्हणाली, “हा तर आमच्या जमनाअम्माचा हात.”

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. निनाद म्हणाला, “काका?”

“कोण जमना?” मी म्हटलं. “खाडीचा हेलकावा आहे तो. माझा.”

“असेल,” सोनल म्हणाली. भांडली नाही. “पण काका, पहिल्या मात्रेवर तुम्ही धूम का टाकता?”

“मग काय टाकू? सम आहे ती.”

“ती टाळीची जागा आहे.” ती एवढंच म्हणाली आणि खांद्यावरचा ढोलक मांडीवर घेऊन वाजवायला लागली. पहिल्या मात्रेला ढोलक गप्प. त्या गप्पपणात तिनं उजवा हात उचलून डाव्यावर टाळी दिली. बोटं फाकलेली, तळवा आडवा. ‘टॅक्’ असा कोरडा आवाज, सुक्या नारळावर कोयता बसावा तसा. आणि मग तो धूम, मागनं.

मशीनवर बसलेला रेकॉर्डिस्ट, जो दिवसभर मोबाईलमधनं डोकं वर काढत नाही, त्याची खुर्ची डुलायला लागली. निनादनं तोंडावर हात धरला. चाळीस वर्षं जे मी खड्डा समजून बुजवत होतो, तो खड्डा नव्हताच. स्वयंपाकघराच्या दाराआड बसून मी ढोलक ऐकला होता, आणि टाळी मी वाद्यात धरलीच नव्हती. मला ती त्या लोकांची नेहमीची कटकट वाटली होती. ढोलक तेवढा मी चोरला आणि त्यातला अर्धा दारातच टाकून आलो.

हे मला त्या क्षणीच कळलं. कळल्यावर चांगल्या माणसानं काय केलं असतं? मी ते केलं नाही.

निनाद म्हणाला, “सोनलदी, काकांच्या जागी तूच वाजव. सगळं तूच घे.” माझ्याकडं वळून म्हणाला, “काका, चालेल ना?” मी म्हटलं, चालेल. माझ्या जागेवर, माझ्या माईकसमोर ती बसली. ढोलक तिनं बाहेरच्या पॅसेजमधे काळी एकच्या सुरात लावून आणला. आणि इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पावसाळ्यात बाहेरची हवा ओली, कातडं सैल. एसीत आणलं की ते सुकतं, ताणलं जातं आणि सूर चढत जातो. म्हणून स्टुडिओतला माणूस वाद्य तासभर आधी आत आणून ठेवतो, एसीत बसू देतो, मग लावतो. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच सांगतात. मी भजनातून उठून आलो तेव्हा मलाही सांगितली होती, एका म्हाताऱ्या तबलजीनं, न विचारता.

सोनल गल्लीत, जिन्यात, लोकांच्या दारात वाजवणारी. तिला कोण सांगणार? मी सांगायला पाहिजे होतं. मी हाताची घडी घालून बसलो.

पहिला टेक झकास. दुसऱ्यात चाट किंचित वर गेला. तिसऱ्यात रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सूर लागत नाहीये.” तिनं उतरवून लावला. पाच मिनिटांत परत चढला. पुन्हा लावला, पुन्हा चढला. तिला कळेना. कान लावून बघते, कडी ओढते, सोडते. काचेच्या अलीकडनं कुणीतरी हळू बोललं, “स्टुडिओची सवय नाही ना.” ते तिला हेडफोनमधे ऐकू गेलं. अशा वेळी काचेपलीकडं बोलायचं बटण नेमकं चालू राहिलेलं असतं, हेही आमच्या धंद्यातलंच.

तिनं हेडफोन काढून ठेवला. “निनाद बेटा, काकांचाच ठेव. आमचं रस्त्यावरचं वाजवणं, इथं नाही बसत.” टाळ्याही न देता ती गेली. निनाद तिच्या मागं पॅसेजपर्यंत धावला.

मी जिंकलो होतो. वडापाव आला तोही खाल्ला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसं झालं? कुणास ठाऊक का, मी सगळं सांगितलं. एसीचंसुद्धा, आणि बारशाच्या दिवसाचंसुद्धा. ती भाजी निवडत होती.

“तुमका ठावक होता आणि तुमी गप रवलास?”

“मग काय करू? माझी जागा देऊन टाकू?”

“तुमची?” एवढंच म्हणाली ती, आणि भाजीचं ताट घेऊन आत गेली. आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मुलगी ठाण्याहून आली, तिलाही आईनं सांगितलं. मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे माझ्या बारशाला वाजला तो ठेका? आणि तुम्ही मला आजवर खाडीच्या गोष्टी सांगितल्यात?” हसली ती. तिच्या हसण्यानं मला जास्त लागलं.

नवव्या दिवशी निनादकडनं पत्ता घेऊन मी घाटकोपरला गेलो. डोंगरावरची वस्ती, पायऱ्याच पायऱ्या. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. सोनलची खोली लहान, पण लख्ख. भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, हार घातलेला. दारामागनं ऐकलेल्या हाताला इतक्या वर्षांनी तोंड मिळालं. रुंद कपाळ, नाकात मोठी मोरणी, आणि चेहऱ्यावर असं हसू, की कुणाचीतरी आत्ताच उतरवलीय.

“बसा काका,” सोनल म्हणाली. चहा ठेवला. मी कशाला आलो ते विचारलं नाही.

मीच सुरुवात केली. “ह्या जमनाबाई एकदा मुलुंडला आमच्याकडं आल्या होत्या. बारशाला.”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“अम्मा सांगायची. बाळाचा बाप ढोलकवाला, हे तुमच्या बायकोकडनंच तिला कळलं होतं. कुठल्याही लग्नाच्या मांडवात कॅसेट लागली की कान टवकारायची. म्हणायची, ऐका गं, मुलुंडचा तो स्वयंपाकघरातला बाप वाजवतोय. हात घेतला मेल्यानं, पण माझ्या टाळीच्या जागेवर जाऊन बसलाय.”

चाळीस वर्षं मी खाडीच्या गोष्टी सांगत होतो, आणि घाटकोपरच्या डोंगरावर चौघी बसून मला हसत होत्या.

“मग भांडल्या का नाहीत?” मी रागावूनच विचारलं. खरंच राग आला मला. “कॅसेट कंपनीकडं जायचं, चार लोकांत बोलायचं!”

सोनलनं माझ्याकडं बघितलं. “काका, तुम्ही आम्हाला घरात घेत नव्हतात. कंपनीत कोण घेणार होतं?”

मी चहा संपवला. मग म्हटलं, “अजून एक सांगायचंय. त्या दिवशी तुझा ढोलक चढत होता तो एसीनं. तासभर आधी आत ठेवायचा असतो. मला माहीत होतं.”

मग तिनं उठून माझ्या तोंडासमोर अशी टाळी दिली की शेजारणीनं दारातनं डोकावलं. “काय झालं गं सोनल?” 

“काही नाही. काकांची आरती करतेय.” आणि मला म्हणाली, “त्या पोरासमोर माझी इज्जत घालवलीत तुम्ही. रस्त्यावर लोक रोज घालवतात, त्याचं काही वाटत नाही. पण मला वाटलं होतं, ढोलक वाजवणारा तरी आपला असेल.”

माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, “परत चल. तू वाजव. मी बाहेर बसतो.”

“नाही,” ती म्हणाली. “वाजवाल तुम्हीच. अम्माच्या ढोलकावर. पहिल्या मात्रेला हात वर ठेवून. तिथं टाळी मी देईन. आणि ठेका कुणाचा ते सगळ्यांसमोर तुमच्या तोंडानं सांगायचं. जमेल?”

आता माझा हट्टी स्वभाव. जमेल का, असं कुणी विचारलं की मला जमवावंच लागतं. हे तिला कसं कळलं देव जाणे. अम्मानं सांगितलं असेल.

पुढच्या आठवड्यात परत गोरेगाव. ढोलक दीड तास आधीच आत आणून ठेवला, सोनलनं स्वतः, माझ्याकडं बघत बघत. मी निनादसमोर, रेकॉर्डिस्टसमोर सांगितलं. फार नाही बोललो. “हा हेलकावा खाडीचा नाही. जमनाबाईंचा आहे. मी दाराआडनं ऐकला आणि चुकीचा ऐकला.”

निनादनं हेडफोन माझ्या कानाला स्वतः लावला.

आणि वाजवायला बसलो तर हात ऐकेना! पहिली मात्रा आली की डावा हात आपोआप खाली. धूम. थांब. परत. धूम. चाळीस वर्षांची सवय, ती काय माझ्या एका वाक्यानं जाणार? दहा टेक झाले. सोनल समोर उभी, टाळी द्यायला हात उचललेला, आणि दर वेळी माझा धूम तिच्या आधी तिथं पोचलेला.

“हात उचला, काका.”

“उचलतोय ना!”

“उचलत नाही आहात. राखण करताय त्या जागेची.”

रेकॉर्डिस्ट हसला. मला असा संताप आला, की ढोलक फेकून उठावंसं वाटलं. नवा बोल घालायला सांगितला असता तर शिकलो असतो मी, कुठलाही तोडा सांगा. पण काही न करणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी डावा तळवा उलटा करून मांडीवर टेकवला. मात्रा आली. हात मांडीवरच राहिला. त्या मोकळ्या जागेत सोनलची टाळी पडली, आणि माझा धूम मागनं असा आला, जसा त्या दुपारी दारापलीकडनं आला होता. मला तो मी वाजवलाय असं वाटेना.

पूर्ण गाणं एका दमात झालं. 

मग नावांचा विषय निघाला. आता गाणं मोबाईलवर येतं, त्याखाली सगळ्यांची नावं लिहितात. निनाद लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसला. “काका, काय लिहू?”

मी म्हटलं, “लिही. ढोलक, परब. त्याखाली, मूळ ठेका, जमना.” आणि सोनलकडं न बघता म्हणालो, “वाजवणाऱ्याचं आधी येतं. तशी पद्धत आहे.”

अशी काही पद्धत नाही. मी तिथल्या तिथं केली.

सोनल पदर खोचत होती. “राहू दे ना आधी,” ती म्हणाली. “अम्माला मागनं यायची सवय होती. सगळे पाहुणे जेवून गेले की मगच आम्हाला बोलावतात.”

तिनं ते टोमण्यात म्हटलं नाही. साधं म्हटलं. म्हणून ते आत गेलं.

“खोड ते,” मी निनादला म्हटलं. “तिचं वर घाल. आणि टाळी, सोनल, असं वेगळं लिही. वाद्य आहे ते.”

“आणि तुमचं?”

“शेवटी. पण घाल.”

गाणं चाललं. दोन मुलांचं गाणं हळदीत वाजणार नाही असं मी म्हटलं होतं. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतच एका हळदीत वाजलं. मी खुर्ची टाकून बसलो होतो. बायका, पोरं, कोळीवाड्यातले पाहुणे, सगळे नाचत होते. आणि पहिल्या मात्रेला, कुणी न शिकवता, सगळ्या मांडवानं एकदम टाळी दिली. दर फेरीला. माझ्या चाळीस वर्षांच्या कुठल्याही गाण्यात लोकांनी अशी टाळी दिली नव्हती. मला वाटायचं, लोकच कंजूस. लोक कुठं देतील? त्यांच्या जागेवर मी बसलो होतो.

बायको म्हणाली, “ऐकतास?”

म्हटलं, ऐकतोय. पोटात दुखतच होतं.